अमेरिकेतल्या शाळेत रोज सकाळी म्हणतात ती झेंड्याची प्रतिज्ञा आली कुठून?

निळीशाई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. आम्ही दीड वर्षापूर्वी इकडे अमेरिकेत आलो, मुलगा आता दुसरीत आहे. त्याच्या वर्गात भिंतीवर झेंडा लावलेला आहे, सकाळी स्पीकरवर अनाउन्समेंट झाली की सगळी मुलं उभी राहतात, उजवा हात छातीवर ठेवतात आणि झेंड्याकडे बघून प्लेज ऑफ अलिजन्स म्हणतात. त्याचं ते महिन्याभरात तोंडपाठ झालं, धाकटीलाही शिकवलंय, दोघं घरात हात छातीवर ठेवून म्हणत असतात.

मागच्या आठवड्यात झोपताना विचारतो, आई आमच्या वर्गातली एक मुलगी प्लेजला उभीच राहत नाही, टीचर पण तिला काही बोलत नाहीत, असं का? मी म्हटलं असेल काहीतरी कारण. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, पण आई आपला झेंडा तर तिरंगा आहे ना, मग मी रोज खोटं बोलतो का?

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. आमचा व्हिसा, आम्ही इथले नागरिक नाही, उद्या परत जाऊ किंवा नाही जाणार, हे सगळं सात वर्षांच्या पोराला कसं सांगायचं. पण त्याच्याशी बोलायच्या आधी मला स्वतःला नीट कळायला हवं की हे सुरू कुणी केलं, कधीपासून आहे, हात असाच ठेवायचे का, आणि सक्ती आहे की नाही. कुणाला माहिती असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

जुनेकागद

ताई, तुमच्या मुलाने जो प्रश्न विचारलाय ना, अगदी तोच प्रश्न १९२३ साली मोठ्या माणसांना पडला होता आणि त्यासाठी प्रतिज्ञेचे शब्द बदलले गेले. तिथपर्यंत येतो, पण आधी सुरुवातीपासून.

लोकांना वाटतं की हे अमेरिकेच्या स्थापनेपासून चालत आलंय, वॉशिंग्टन-जेफरसनच्या काळातलं. तसं अजिबात नाही. देश स्थापन झाल्यावर शंभरहून जास्त वर्षं शाळेत अशी कुठली प्रतिज्ञा नव्हती, आणि बहुतेक शाळांवर झेंडाही नसायचा. यादवी युद्धात उत्तरेकडे झेंड्याला मान आला, आणि १८८० च्या दशकात शाळेवर झेंडा लावण्याची चळवळ सुरू झाली. त्यात मोठा हात बोस्टनच्या एका मासिकाचा, नाव युथ्स कंपॅनियन. त्यांचा जेम्स अपहॅम नावाचा माणूस होता, त्याने योजना काढली की मुलांनी शंभर कार्डं दहा-दहा सेंटला विकायची, दहा डॉलर जमले की शाळेला झेंडा मिळणार. हजारो शाळांनी असे झेंडे घेतले. म्हणजे यात मासिकाचा धंदाही होता आणि देशप्रेमही होतं, दोन्ही खरं होतं, अपहॅमला मनापासून वाटायचं की मुलांच्या डोळ्यासमोर झेंडा असला पाहिजे.

मग आलं १८९२. कोलंबसला चारशे वर्षं पूर्ण होत होती. मासिकाने ठरवलं की देशभरातल्या शाळांत एकाच दिवशी एकसारखा कार्यक्रम करायचा, आणि तो कार्यक्रम लिहायचं काम दिलं फ्रान्सिस बेलामी याला. हा बाप्टिस्ट पाद्री, समाजवादी विचारांचा, गरिबांच्या बाजूने प्रवचनं द्यायचा, चर्च सोडून नुकताच मासिकात आला होता. त्याने प्रेसिडेंट बेंजामिन हॅरिसन यांची भेट घेतली, सुट्टीची घोषणा करून घेतली, आणि ८ सप्टेंबर १८९२ च्या अंकात तो कार्यक्रम छापून आला, त्यातच ही प्रतिज्ञा. मुलांनी ती म्हटली २१ ऑक्टोबरला. आता कोलंबसचा दिवस १२ ऑक्टोबर असताना २१ का, तर जुन्या ज्युलियन कॅलेंडरचा १२ म्हणजे नव्याचा २१ येतो म्हणून.

मूळ शब्द साधारण असे: मी माझ्या झेंड्याशी, आणि तो ज्या प्रजासत्ताकासाठी उभा आहे त्याच्याशी निष्ठा राखण्याची प्रतिज्ञा करतो, एक राष्ट्र, अविभाज्य, सर्वांना स्वातंत्र्य आणि न्याय. संपलं. इंग्रजीत जेमतेम बावीस-तेवीस शब्द. त्यात देशाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. "अविभाज्य" हा शब्द का, तर यादवी युद्ध संपून सत्तावीसच वर्षं झाली होती, देश फुटता फुटता वाचला हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं. बेलामीच्या मनात फ्रेंच क्रांतीची "स्वातंत्र्य, समता, बंधुता" ही त्रयी पण होती, पण ती आत्ता या देशाला झेपणार नाही असं त्याला वाटलं म्हणून त्याने फक्त स्वातंत्र्य आणि न्याय ठेवलं. मला हे वाचून नेहमी वाईट वाटतं, समता हा शब्द त्या पोरांच्या तोंडी आला असता तर किती बरं झालं असतं.

आणि हेच वर्ष का, तेही बघा. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कजवळ एलिस आयलंड हे बाहेरून येणाऱ्यांची तपासणी-नोंदणी करायचं केंद्र उघडलं. इटली, पोलंड, रशियातून लाखो लोक येत होते, त्यांची मुलं इंग्रजी न येता वर्गात येऊन बसत होती. यांना अमेरिकन कसं बनवायचं ही तेव्हाची मोठी चिंता. बेलामीच्याही आधी न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज बाल्च नावाच्या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने अशा मुलांसाठी झेंडावंदन सुरू केलं होतं, त्याच्या प्रतिज्ञेत तर "एक देश, एक भाषा, एक झेंडा" असं स्पष्टच होतं.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. "माझा झेंडा" म्हणायचं, पण इटलीहून आलेला पोरगा मनात कुठला झेंडा आणत असेल? ही शंका पहिल्या महायुद्धानंतर लोकांना खाऊ लागली. म्हणून १४ जून १९२३ ला वॉशिंग्टनमध्ये झेंड्याबद्दल एक परिषद भरली आणि तिथे "माझा झेंडा" काढून "युनायटेड स्टेट्सचा झेंडा" असं घातलं, पुढच्या वर्षी "ऑफ अमेरिका" जोडलं. बेलामी तेव्हा जिवंत होता, त्याला हे आवडलं नाही, पण त्याला कुणी विचारलं नाही. तर सांगायचं म्हणजे, तुमचा मुलगा एकटा नाही, त्याच्यासारख्या परदेशातून आलेल्या पोरांमुळेच ते वाक्य आजच्यासारखं झालंय.

निळीशाई

बापरे, इतकं सविस्तर! मनापासून आभार. "माझा झेंडा" वाली गोष्ट वाचून अंगावर काटा आला, आज रात्री त्याला नक्की सांगणार. हात छातीवर ठेवायचं पण बेलामीनेच सांगितलं का?

खडूफळा

नाही, हात छातीवर ही बरीच नंतरची गोष्ट. मी इथे एलिमेंटरी शाळेत नऊ वर्षं शिकवतेय म्हणून हे मुद्दाम शोधून वाचलं होतं.

सुरुवातीला सॅल्यूट वेगळा होता. हात कपाळाशी नेऊन सुरुवात करायची आणि "माझ्या झेंड्याशी" हे शब्द आले की उजवा हात सरळ झेंड्याच्या दिशेने पुढे करायचा, तळवा वर. कार्यक्रमात लिहिलेलं तसंच आहे. पुढे शाळाशाळांतून तो तळवा खाली वळला, हात ताठ झाला. १९३० च्या दशकात इटली आणि जर्मनीतून फोटो आणि न्यूजरील यायला लागल्या तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की आपली मुलं वर्गात जे करतायत ते हुबेहूब फॅसिस्ट आणि नाझी सॅल्यूटसारखं दिसतंय. पालकांनी तक्रारी केल्या, काही ठिकाणी शाळांनी बदल केला, काही ठिकाणी हट्टाने तसंच चालू ठेवलं. शेवटी काँग्रेसने जून १९४२ मध्ये झेंड्याचे नियम कायद्यात घातले तेव्हाही तो हात पुढे करायचाच होता, आणि सहा महिन्यांत, २२ डिसेंबर १९४२ ला दुरुस्ती करून हात छातीवर आला. म्हणजे अमेरिका प्रत्यक्ष हिटलरशी लढत असताना वर्षभर तरी इथली पोरं तसा हात पुढे करत होती. ते जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो पाहिले तर पोटात कसंतरीच होतं, सहा-सात वर्षांची गोड पोरं, रांगेत, हात पुढे.

आता वर्गातलं सांगते. उभं न राहणाऱ्या मुलांना आम्ही काही बोलत नाही, बोलायचं नसतं. पण हे सगळ्या शिक्षकांना माहीत असतं असं नाही. मी आधी ज्या शाळेत होते तिथे एका बदली शिक्षिकेने एका मुलाला दंडाला धरून उभं केलं होतं, चौथीतला मुलगा, तो दिवसभर बोलला नाही कुणाशी. तिचा हेतू वाईट नव्हता, तिला खरंच वाटलं की हा उद्धटपणा करतोय. त्याच्या घरचा धर्म वेगळा होता आणि त्याला झेंड्यापुढे प्रतिज्ञा चालत नव्हती एवढंच. तेव्हापासून मी वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलांना सांगते की म्हणायचं असेल त्याने म्हणा, नसेल त्याने शांत बसा, आणि कुणी कुणाकडे वळून बघायचं नाही.

कायद्याचाविद्यार्थी

खडूफळा ताईंनी सांगितलं त्या मुलासारख्याच मुलांमुळे हा कायदा बनलाय, ती गोष्ट या धाग्यात यायलाच पाहिजे.

पेनसिल्व्हेनियात मायनर्सव्हिल नावाचं कोळसा खाणींचं छोटं गाव. १९३५ साली तिथल्या शाळेत लिलियन गोबायटस, वय बारा, आणि तिचा भाऊ विल्यम, वय दहा, यांनी झेंड्याला सॅल्यूट करायला नकार दिला. घरचे जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचे, त्यांच्या श्रद्धेप्रमाणे देवाशिवाय कशालाही वंदन म्हणजे मूर्तिपूजा, आणि त्याच वेळी जर्मनीत त्यांच्या पंथाचे लोक हिटलरला सॅल्यूट करत नाहीत म्हणून छळले जात होते, हे इथल्या लोकांना माहीत होतं. विल्यमने शाळेच्या बोर्डाला स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं, की मी देशावर प्रेम करतो पण देवावर जास्त करतो आणि त्याची आज्ञा मला पाळायची आहे. दहा वर्षांच्या पोराचं अक्षर, ते पत्र आजही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवलंय. दोघांना शाळेतून काढलं. वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यावर लोकांनी बहिष्कार घातला.

केस सुप्रीम कोर्टात गेली आणि ३ जून १९४० ला कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी शाळेच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिला जस्टिस फ्रँकफर्टर यांनी, जे स्वतः लहानपणी ऑस्ट्रियातून आलेले ज्यू स्थलांतरित, त्यांना मनापासून वाटायचं की शाळेनेच आपल्याला अमेरिकन केलं. एकटे जस्टिस स्टोन विरोधात. तेव्हा हिटलरपुढे फ्रान्स पडत होता, देशात भीती होती, आणि त्या निकालानंतर जे झालं ते फार वाईट. ठिकठिकाणी या पंथाच्या लोकांवर जमावाने हल्ले केले, मेन राज्यात केनेबंकला त्यांचं प्रार्थनागृह जाळलं, शेकडो मुलं शाळेबाहेर काढली गेली.

मग वेस्ट व्हर्जिनियाने जानेवारी १९४२ मध्ये, म्हणजे पर्ल हार्बरनंतर महिन्याभरात, सगळ्या शाळांत सॅल्यूट सक्तीचा केला. तिथे गॅथी आणि मारी बार्नेट या बहिणी शाळेतून घरी पाठवल्या गेल्या. त्यांच्या घरच्यांनी आणि इतरांनी केस केली आणि १४ जून १९४३ ला, युद्ध ऐन भरात असताना, सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच तीन वर्षांपूर्वीचा निकाल ६ विरुद्ध ३ ने उलटवला. जस्टिस जॅक्सन यांनी लिहिलं त्याचा सारांश असा की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म यात बरोबर मत कुठलं हे कुठलाही सरकारी अधिकारी, लहान असो की मोठा, ठरवू शकत नाही आणि ते मत कुणाकडून बळजबरीने वदवून घेऊ शकत नाही. निळीशाई ताई, तुमच्या मुलाच्या वर्गातली ती मुलगी आज बसून राहू शकते ती या निकालामुळे.

एक छोटी गोष्ट जी मला फार लागते, कोर्टाच्या कागदात दोन्ही कुटुंबांची नावं चुकीची पडलीत. गोबायटसचं गोबायटिस झालं, बार्नेटच्या शेवटी एक जास्तीचं अक्षर लागलं. पुस्तकांत, कोर्टात, सगळीकडे ती चुकलेली नावंच चालतात.

फक्त एक लक्षात ठेवा, हा निकाल सरकारी शाळांना लागू आहे, खासगी शाळांचे नियम वेगळे असू शकतात. आणि टेक्सास, फ्लोरिडासारख्या राज्यांत सूट हवी असेल तर पालकांनी लेखी द्यावं लागतं.

उंबरठा७

सगळं वाचलं, माहिती छान आहे पण थोडं वेगळं मत मांडतो. ज्या देशात राहतो, ज्याच्या शाळेत आपली पोरं शिकतात, त्याच्या झेंड्यापुढे अर्धा मिनिट उभं राहायला काय हरकत आहे? आपण लहानपणी रोज रांगेत उभे राहून प्रतिज्ञा म्हटलीच ना, अर्थ तेव्हा कळला नाही पण पुढे आयुष्यात कधीतरी कळला. सगळ्यांनी मिळून एक गोष्ट एका सुरात करायची यात पण काही ताकद असते. मला वाटतं मुलाला म्हणू द्या, तो आवडीने म्हणतोय. उगाच एवढ्या लहान वयात त्याच्या डोक्यात शंका घालू नका.

खडूफळा

उंबरठा दादा, सगळ्यांनी मिळून म्हणण्यात ताकद असते हे मी रोज बघते, त्याबद्दल दुमत नाही. माझ्या वर्गात सतरा-अठरा वेगवेगळ्या घरांची मुलं आहेत आणि ती एका आवाजात म्हणतात तेव्हा मला भरून येतं. पण शंका आपण घातलेली नाही हो, ती त्याची त्याला पडलीय. सात वर्षांच्या मुलाला "मी खोटं बोलतो का" असं वाटतंय म्हणजे तो शब्दांचा अर्थ लावतोय. माझ्या वर्गात अर्ध्या मुलांना वाटतं की "इंडिव्हिजिबल" (अविभाज्य) म्हणजे "इनव्हिजिबल", दिसत नाही असा देश. त्यातून एक मूल अर्थ विचारतंय तर त्याला अर्थ सांगायला हवा.

जुनेकागद

एक राहिलं होतं, प्रतिज्ञेतलं "अंडर गॉड", म्हणजे देवाच्या छत्राखाली. हे दोन शब्द १९५४ चे. शीतयुद्धाचा काळ, सोव्हिएत रशिया म्हणजे नास्तिक आणि आपण देवाला मानणारे, असं वातावरण. नाइट्स ऑफ कोलंबस ही कॅथलिक संघटना १९५१ पासून आपल्या सभांत हे शब्द जोडून म्हणायला लागली होती. ७ फेब्रुवारी १९५४ ला वॉशिंग्टनच्या एका चर्चमध्ये जॉर्ज डॉकर्टी या पाद्रींनी प्रवचन दिलं, समोर प्रेसिडेंट आयझेनहॉवर बसलेले. डॉकर्टी मूळचे स्कॉटलंडचे, त्यांनाही ही प्रतिज्ञा कळली ती शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलाकडून, अगदी ताई तुमच्यासारखंच. त्यांचा मुद्दा असा की हे शब्द मॉस्कोतली मुलं पण त्यांच्या झेंड्यापुढे जसेच्या तसे म्हणू शकतील, मग यात अमेरिकेचं वेगळं काय? चार महिन्यांत कायदा झाला, सही झाली १४ जून १९५४ ला.

१४ जून सारखा येतोय ते लक्षात आलं असेल. १७७७ साली त्या तारखेला झेंडा ठरला म्हणून तो फ्लॅग डे. पुढे कॅलिफोर्नियातल्या एका वडिलांनी "अंडर गॉड" विरुद्ध केस केली, २००२ मध्ये खालच्या कोर्टात जिंकले, आणि सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये ती केस निकाली काढली तीसुद्धा १४ जूनलाच. मूळ प्रश्नावर कोर्ट बोललंच नाही, मुलीचा ताबा पूर्णपणे त्यांच्याकडे नव्हता म्हणून त्यांना केस करायचा अधिकार नाही एवढंच म्हटलं.

मला या सगळ्यातून जाणवतं ते हे, की जेव्हा जेव्हा मोठी माणसं घाबरली, कधी बाहेरून येणाऱ्यांना, कधी युद्धाला, कधी कम्युनिस्टांना, तेव्हा तेव्हा त्यांनी मुलांच्या तोंडच्या शब्दांना हात लावला.

कायद्याचाविद्यार्थी

उंबरठा दादांनी आपल्या प्रतिज्ञेचा विषय काढला म्हणून लिहितो. "भारत माझा देश आहे" ही प्रतिज्ञा पैडीमर्री वेंकट सुब्बाराव यांनी १९६२ साली तेलुगूत लिहिली, विशाखापट्टणमला ते ट्रेझरी अधिकारी होते, आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभर शाळांत सुरू झाली. गंमत नाही, खूप सुंदर फरक आहे: आपल्या प्रतिज्ञेत झेंडा येतच नाही, दुसऱ्याच वाक्यात माणसं येतात, सारे भारतीय माझे बांधव. पण आपल्या ध्वजसंहितेत शाळेच्या झेंडावंदनाचा भाग बघितला तर तिथे वेगळी प्रतिज्ञा दिलीय, राष्ट्रध्वजाशी आणि तो ज्या सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही प्रजासत्ताकासाठी उभा आहे त्याच्याशी निष्ठेची. बेलामीच्या वाक्याची ठेवण सरळ ओळखू येते.

आणि केरळात १९८५ साली तीन भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची पण गायची नाहीत, म्हणून शाळेतून काढली गेली, तीही याच पंथाची. आपल्या सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि जस्टिस चिन्नप्पा रेड्डींनी त्यात मायनर्सव्हिल आणि वेस्ट व्हर्जिनिया या दोन्ही केसेसची चर्चा केलीय. वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन बहिणींचं म्हणणं त्रेचाळीस वर्षांनी केरळातल्या तीन भावंडांच्या कामी आलं.

निळीशाई

सगळ्यांचे खूप खूप आभार, उंबरठा दादा तुमचेही, तुमचा मुद्दा मनात होताच. काल रात्री बोलले त्याच्याशी. त्याला सांगितलं की फार पूर्वी तुझ्यासारखी लांबून आलेली मुलं "माझा झेंडा" म्हणायची आणि मोठ्यांना प्रश्न पडायचा की कुठला. विल्यमच्या पत्राची गोष्ट पण सांगितली, ते पत्र नेटवर सापडलं, दाखवलं. ते बघून म्हणतो, याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

मग विचारलं, तुला म्हणायचंय का उद्या? म्हणाला, उभा राहीन, शेवटचं लिबर्टी अँड जस्टिस फॉर ऑल म्हणेन कारण ते खोटं नाहीये ना, पहिलं अजून ठरवलं नाही. आणि त्या मुलीला विचारू का ती का बसते? मी म्हटलं आधी मैत्री कर, मग तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. आज डब्यात दोन लाडू जास्तीचे नेलेत.